खारजमिनीचा ताळेबंद : द्रावणांतील धन व ऋण आयन

खाडीचें पाणी शेतांत शिरलें म्हणजे जमीन खारावते, हें ठाणें, पनवेल, उरण, पेण व अलिबाग या बाजूच्या शेतकऱ्यास कोणी नव्यानें सांगावयास नको. बांधास खांड पडली, उधाणाचें पाणी आंत आलें आणि चांगलीं भातखाचरें हातचीं गेलीं, असा अनुभव या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु पाणी ओसरल्यावर मीठ जमिनींत नेमकें कोठें राहतें, त्यांपैकीं कोणतें पावसानें धुऊन जातें व कोणतें कांहीं केल्या हटत नाहीं, आणि एका शेतांत जिप्सम टाकल्यानें गुण येतो तर शेजारच्या शेतांत तेंच जिप्सम व्यर्थ कां जातें, या प्रश्नांचें उत्तर केवळ अनुभवानें मिळत नाहीं. त्यासाठीं रसायनशास्त्रांतील एक साधा नियम समजून घेतला पाहिजे. तो असा : कोणत्याही द्रावणांतील एकूण धनभार व एकूण ऋणभार हे नेहमीं समसमान असतात, आणि म्हणून कोणताही भारित कण एकटा येत नाहीं व एकटा जातही नाहीं. या नियमाची ओळख करून देऊन, जमिनीच्या सुधारणेंत व माती-पाण्याचे अहवाल वाचण्यांत त्याचा उपयोग कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

मीठ विरघळतें म्हणजे काय होतें

मूठभर मीठ पाण्यांत टाकलें म्हणजे तें दिसेनासें होतें, पण नाहींसें होत नाहीं. मिठाचा खडा सोडियम व क्लोरीन या दोन मूलद्रव्यांचा बनलेला असतो. तो विरघळतांना जे सूक्ष्म कण सुटे होतात ते मिठाचे अखंड कण नसून दोन निरनिराळ्या जातींचे असतात. सोडियमच्या कणानें आपला एक इलेक्ट्रॉन गमावलेला असल्यामुळें त्यावर एक धनभार असतो. क्लोरीनच्या कणानें तो घेतलेला असल्यामुळें त्यावर एक ऋणभार असतो, व त्यास मग क्लोराइड म्हणतात. अशा भारित कणांस आयन हें सामान्य नांव आहे. हा शब्द मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३४ सालीं प्रचारांत आणला. त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जाणारा' असा आहे. कारण विजेचा प्रवाह सोडला असतां हे कण आपापल्या विरुद्ध भाराच्या टोकाकडे जातात.

परंतु विजेचा प्रवाह नसतांनाही पाण्यांत आयन सुटेच असतात, हें सांगण्याचें धाडस स्वीडनमधील स्वांते आर्‍हेनियस यानें केलें. १८८४ सालीं त्यानें उप्साला विद्यापीठास जो प्रबंध सादर केला त्यांत या विचाराचें बीज होतें. परीक्षकांनीं त्यास खालची श्रेणी दिली. विरोधकांचा आक्षेप सरळ होता. सोडियम धातु पाण्यांत पडतांच भडकतो आणि क्लोरीन हा विषारी वायु आहे. मग हे दोघे पाण्यांत सुटे असते तर समुद्र शांत कसा राहता? त्याचें उत्तर असें कीं, आयन म्हणजे मूळचें मूलद्रव्य नव्हे. एक इलेक्ट्रॉन गेल्यानें अगर आल्यानें कणाचा सारा स्वभाव पालटतो. १८८७ सालीं हा सिद्धांत पूर्णपणें मांडला गेला, आणि १९०३ सालीं त्याच आर्‍हेनियसला रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

ताळा कां मोडत नाहीं

आतां कोणी विचारील कीं, पाण्यांत जर असंख्य भारित कण हिंडत आहेत, तर मिठाच्या पाण्यांत हात घातला असतां झटका कां बसत नाहीं? याचें कारण, जितके धनभार तितकेच ऋणभार त्यांत असतात व ते एकमेकांत पूर्ण मिसळलेले असतात. एक बाजू किंचितही जड होऊं लागली तर विरुद्ध भारांची परस्पर ओढ ती तत्काळ सांवरते. ही ओढ किती मोठी असते याची कल्पना एका हिशेबावरून येईल. एक ग्रॅम सोडियमचे सर्व आयन एका जागीं, आणि त्यांच्या जोडीचे सर्व क्लोराइड आयन त्यापासून एक किलोमीटर अंतरावर, मध्यें कांहीं नसतां, ठेवतां आले असते, तर त्या दोन ढिगांमधील ओढ सुमारें १ कोटी ६० लाख टन वजनाइतकी भरली असती. ज्यांना एक किलोमीटरवर नेण्यास एवढें बळ लागतें ते कण पाण्यांत एकमेकांस सोडून दूर जातील हें संभवत नाहीं. म्हणून सोडियमचा आयन कोठेंही जावयाचा तर त्यानें एक ऋणभारित सोबती बरोबर नेला पाहिजे, किंवा सोडलेल्या जागेवर दुसरा धनभारित आयन बसवून गेलें पाहिजे. तिसरा मार्ग नाहीं.

पाणी एकंदरीनें असें भाररहित असलें तरी त्यांतून वीज वाहते. कारण दोन तारा बुडविल्या म्हणजे धन आयन एकीकडे व ऋण आयन दुसरीकडे सरकूं लागतात. आयन जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. याच गुणावर प्रयोगशाळेंतील विद्युद्वाहकतेचें माप आधारलेलें आहे; अहवालांत तें ई. सी. या अक्षरांनीं लिहितात व डेसिसीमेन्स प्रति मीटर या परिमाणांत देतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारें ५० भरते. हें माप क्षार किती हें चांगलें सांगतें; क्षार कोणते हें मात्र मुळींच सांगत नाहीं. ही गोष्ट पुढें उपयोगी पडावयाची आहे, म्हणून वाचकांनीं ती लक्षांत ठेवावी.

समुद्राचा जमाखर्च

नियमाचा पडताळा पाहण्यास समुद्राइतकें मोठें उदाहरण दुसरें नाहीं. एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकीं सुमारें ०.४ ग्रॅम. या वजनांची बेरीज केली तर ऋण बाजू धन बाजूच्या पावणेदोनपट भरते आणि ताळा जमत नाहीं. पण वजन म्हणजे भार नव्हे. ज्याप्रमाणें रुपये, आणे व पैसे एकदम मिळवितां येत नाहींत, प्रथम सर्वांचे पैसे करावे लागतात, त्याप्रमाणें येथें प्रत्येक आयनाच्या वजनास त्याच्या ठराविक भाजकानें भागावें लागतें. सोडियमचा भाजक २३, कॅल्शियमचा २०, मॅग्नेशियमचा १२.२, पोटॅशियमचा ३९, क्लोराइडचा ३५.५, सल्फेटचा ४८ व बायकार्बोनेटचा ६१. मिलिग्रॅमांस या भाजकानें भागून जो आंकडा येतो त्यास प्रयोगशाळेंत मिलिइक्विव्हॅलंट म्हणतात. तोच भारांचा खरा हिशेब होय.

त्या हिशेबानें, अचूक वजनें धरून, एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यांतील जमाखर्च असा येतो :

धन बाजू : सोडियम ४६९, मॅग्नेशियम १०६, कॅल्शियम २१, पोटॅशियम १०, एकूण ६०६.

ऋण बाजू : क्लोराइड ५४६, सल्फेट ५६, बायकार्बोनेट व इतर ३, एकूण ६०५.

एकाचा जो फरक दिसतो तो अपूर्णांक सोडून दिल्यामुळें आहे. जगांतील एवढ्या मोठ्या जलाशयाची वही अशी चोख आहे. या आंकड्यांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे : सोडियम ४६९ आणि कॅल्शियम अवघें २१, म्हणजे बावीस भारांस एक. खारजमिनीच्या साऱ्या दुखण्याचें मूळ या विषम प्रमाणांत आहे.

मिठागरांतील साक्ष

उरण-पनवेलच्या मिठागरांत हाच नियम उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतो. भरतीचें पाणी वाफ्यांत घेऊन उन्हानें आटवीत नेलें म्हणजे सर्व क्षार एकदम खालीं बसत नाहींत. पाणी आटून मूळच्या सुमारें चौथ्या हिश्श्यावर आलें कीं प्रथम जिप्सम बसूं लागतें. मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आल्यावर मग खाण्याचें मीठ धरूं लागतें. जिप्सम म्हणजे कॅल्शियम व सल्फेट यांची जोडी. समुद्रांत कॅल्शियमचे भार २१ आणि सल्फेटचे ५६. म्हणून जिप्सम बसत जातें तसतसें कॅल्शियम संपत येतें व तें बसणें थांबतें. सल्फेट बरेंच शिल्लक असूनही जोडीदार नसल्यामुळें तें पाण्यांतच राहतें. शेवटीं मीठ ओढून घेतल्यावर जें कडवट पाणी उरतें त्यांत हें उरलेलें सल्फेट मॅग्नेशियमच्या सोबतीनें सांपडतें. खाऱ्या पाण्यांतून एकही आयन एकटा तळाशीं बसत नाहीं.

मातीच्या अंगीं असलेला ऋणभार

आतां पाण्याकडून मातीकडे वळूं. १८५० सालीं इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकांत जॉन थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. थॉम्प्सन नांवाच्या यॉर्कशायरमधील शेतीच्या एका अभ्यासकानें पाहिलेल्या गोष्टीवरून वे यानें हे प्रयोग हातीं घेतले होते. अमोनियम सल्फेटचें द्रावण मातीच्या थरांतून झिरपूं दिलें असतां खालीं जें पाणी आलें त्यांत अमोनिया जवळजवळ नव्हता. त्याच्या जागीं तेवढ्याच प्रमाणांत कॅल्शियम आलें होतें. मातीनें एक धन आयन ठेवून घेतला आणि दुसरा सोडून दिला. शेतकऱ्यांच्याच एका संस्थेच्या नियतकालिकांतून जगापुढें आलेला हा शोध आजच्या मृदाशास्त्राचा पाया आहे.

याचें कारण पुढें उलगडलें. चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे व जमिनींतील कुजलेला सेंद्रिय अंश यांच्या अंगीं कायमचा ऋणभार असतो. हा भार फेडण्यास त्यांच्या पृष्ठभागीं धन आयनांचा थर सदैव चिकटून असतो. चांगल्या जमिनींत हा थर मुख्यतः कॅल्शियमचा असतो. कॅल्शियमवर दोन भार असल्यामुळें तें पापुद्र्यांशीं घट्ट बसतें, पापुद्रे एकमेकांजवळ येतात, मातीचे कण पडतात आणि त्यांच्या फटींतून पाणी व हवा खेळते. सोडियमवर एकच भार व भोंवतीं पाण्याचें वेष्टण मोठें. त्यामुळें तें सैलपणें, दूरवर पसरून राहतें, पापुद्रे फांकतात, माती फुगते व तिचा गाळ होतो.

खाडीचें पाणी शेतांत शिरतें तेव्हां दोन गोष्टी घडतात. पहिली, मातीच्या फटींत खारें पाणी भरतें. त्यांत सोडियम व क्लोराइड जोडीनें असतात. दुसरी, बावीसपट असलेल्या सोडियमच्या रेट्यानें पापुद्र्यांवरील कॅल्शियमचा कांहीं भाग उठून जातो व त्याची जागा सोडियम घेतें. पहिलें मीठ सुटें आहे, दुसरें सोडियम बांधलेलें आहे. बाहेरून शेत एकच दिसतें; पण उपाय दोहोंस वेगळा लागतो.

पाऊस काय धुतो आणि काय धूत नाहीं

या किनाऱ्यावर पाऊस सामान्यतः अडीच हजार मिलिमीटरांच्या घरांत किंवा त्याहून अधिक पडतो. पहिल्या पावसाचें पाणी खाचरांत साठवून ओहोटीच्या वेळीं उघाडीवाटे खाडींत सोडावें, पुन्हा साठवावें व पुन्हा सोडावें, ही आपल्या वाडवडिलांची रीति शास्त्रास पूर्ण धरून आहे. सुटें मीठ या पाण्याबरोबर जातें, कारण सोडियमला सोबतीस क्लोराइड आहे. जोडी वाहून जाण्यास हरकत कसलीच नाहीं. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत ज्या जमिनीवर पांढरा फुलोरा येतो तिच्यांतच पावसाळ्यांत भात उभें राहतें.

परंतु पापुद्र्यांस चिकटलेलें सोडियम पावसाच्या निव्वळ पाण्यानें हटत नाहीं. त्याचा सोबती जो ऋणभार तो मातीच्या अंगचाच आहे आणि माती कांहीं वाहून जाऊं शकत नाहीं. त्याला घालवावयाचें तर त्याच्या जागीं दुसरा धन आयन आला पाहिजे. आणि पावसाच्या पाण्यांत असे आयन अत्यल्प असतात. इतकेंच नव्हे तर, सुटें मीठ असेपर्यंत दाट द्रावणाच्या दाबानें फांकलेले पापुद्रे कसेबसे एकत्र राहतात. तें धुतलें गेलें कीं माती एकदम विरते, वर साय धरते, वाळल्यावर दगडासारखी होते व पाणी आंत घेईनाशी होते. मीठ गेलें आणि जमीन बिघडली, असें जें कधीं कधीं ऐकूं येतें त्यांतील मर्म हेंच आहे.

आपल्या शेताची गत काय आहे हें घरच्या घरीं अजमावण्याची एक सोपी रीति आहे. काचेच्या पेल्यांत पावसाचें स्वच्छ पाणी घेऊन त्यांत सुपारीएवढें सुकें ढेकूळ अलगद सोडावें व न हलवितां दिवसभर ठेवावें. ढेकूळ फुटलें तरी वरचें पाणी नितळ राहिलें तर चिंता नाहीं. पाणी दुधासारखें गढूळ होऊन तसेंच राहिलें तर पापुद्र्यांवर सोडियम जास्त असण्याचा संभव मोठा. त्या गढूळ पाण्यांत चिमूटभर जिप्सम टाकून ढवळलें आणि गाळ खालीं बसून पाणी निवळलें, तर कॅल्शियमचें काम डोळ्यांसमोर दिसलें असें समजावें. मात्र ज्या मातींत सुटें मीठ अद्याप पुष्कळ आहे ती या परीक्षेंत चांगलीच दिसेल. म्हणून ही परीक्षा जमीन पावसानें धुतल्यावर करावी.

जिप्सम केव्हां, किती आणि केव्हां नाहीं

खारावलेल्या जमिनींचे तीन वर्ग आपल्याकडे प्रसिद्ध आहेत : खारवट, खारवट-चोपण व चोपण. अमेरिकेंतील क्षारविषयक प्रयोगशाळेनें १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांतील मर्यादा आजही सर्वत्र वापरतात. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता ४ हून अधिक व चिकटलेल्या सोडियमचें प्रमाण शेंकडा १५ हून कमी, ती खारवट. दोन्ही अधिक, ती खारवट-चोपण. वाहकता ४ हून कमी व सोडियम शेंकडा १५ हून अधिक, ती चोपण, आणि तिचा सामू बहुधा ८.५ च्या वर असतो. समुद्राच्या पाण्यानें बाधलेल्या जमिनींत साधें मीठ हाच मुख्य क्षार असल्यामुळें त्यांतील पुष्कळ जमिनी केवळ खारवट असतात. अशा शेतांत बांध मजबूत करणें, उघाडी नीट ठेवणें व पावसाचें पाणी साठवून सोडणें हाच उपाय. तेथें जिप्समवर पैसा घालणें म्हणजे नसलेल्या रोगास औषध देणें होय.

जेथें सोडियम चिकटलेलें आहे तेथें मात्र जिप्समसारखें स्वस्त साधन दुसरें नाहीं. त्यांतील कॅल्शियम पापुद्र्यांवर बसतें, दोन सोडियम आयन सुटतात, आणि जिप्समचें सल्फेट त्यांचा सोबती होऊन त्यांस पाण्याबरोबर घेऊन जातें. येथें हिशेब भारास भार असा चोख असल्यामुळें मात्राही मोजतां येते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचें वजन सुमारें २२ लाख ४० हजार किलोग्रॅम धरतात. त्यांतील दर १०० ग्रॅम मातींतून एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटविण्यास सुमारें १.९ टन शुद्ध जिप्सम लागतें. समजा, मातीची धन आयन धरण्याची शक्ति ३० आहे व सोडियम शेंकडा २५ वरून १० वर आणावयाचें आहे. तर हटवावयाचें सोडियम साडेचार, आणि जिप्सम हेक्टरीं सुमारें साडेआठ ते पावणेनऊ टन, म्हणजे एकरीं साडेतीन टन. माल शुद्ध नसला व सर्व कॅल्शियम कामीं आलें नाहीं तर याहून अधिक लागेल. हा खर्च लहान नव्हे. म्हणूनच तपासणीशिवाय तो करूं नये.

जिप्सम लिटरभर पाण्यांत जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतें. दोन टन जिप्सम विरघळविण्यास हेक्टरभर शेतावर सुमारें आठ सेंटिमीटर पाणी लागेल. आपल्या पावसापुढें तें कांहींच नाहीं. तेव्हां पावसाळ्याच्या तोंडावर जिप्सम पसरून मातींत मिसळणें श्रेयस्कर. पण सुटलेलें सोडियम व त्याचें सल्फेट यांस शेताबाहेर वाट पाहिजे. निचरा नसेल तर ही जोडी तेथेंच राहते, उन्हाळ्यांत पुन्हा वर चढते आणि सारा व्यापार फुकट जातो. ज्या मातींत चुनखडी आहे तेथें धैंचा अगर ताग गाडल्यानें व भाताचें पाणी उभें राहिल्यानेंही मदत होते; कुजण्यांत निघणारा कर्बवायु पाण्यांत मुरून चुनखडी विरघळवितो व जमिनींतलेंच कॅल्शियम मोकळें होतें.

तपासणीचा अहवाल कसा वाचावा

सरकारनें २०१५ सालीं मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. त्या पत्रिकेंत बारा गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल, बोरॉन, सामू, विद्युद्वाहकता व सेंद्रिय कर्ब. सर्वसाधारण शेतास ती उपयुक्त आहे. पण खारजमिनीच्या शेतकऱ्यास जें मुख्यतः हवें तें, म्हणजे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व क्लोराइड यांचे आंकडे, तींत नसतात. वाहकतेवरून क्षार किती हें कळेल. खारवट कीं चोपण हें कळणार नाहीं. म्हणून नमुना देतांना चिकटलेल्या सोडियमचें प्रमाण व अर्कांतील आयनांचे निरनिराळे आंकडे मागून घ्यावे. वाहकता कोणत्या पद्धतीनें मोजली हेंही विचारावें. मातीच्या अडीचपट पाणी घालून मोजलेला आंकडा संपृक्त अर्काच्या आंकड्याहून बराच कमी येतो. त्यास वरील ४ ची मर्यादा लावली तर खारट शेतही चांगलें ठरेल.

अहवाल हातीं आल्यावर तो विश्वासास पात्र आहे कीं नाहीं हें शेतकऱ्यास स्वतः पाहतां येतें. उदाहरणादाखल एका विहिरीच्या पाण्याचे आंकडे दर लिटरास मिलिग्रॅममध्यें असे धरूं : कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ६१, सोडियम २४४, पोटॅशियम १६; क्लोराइड ४९७, सल्फेट १४४, बायकार्बोनेट १८३. वजनानें धन बाजू ४०१ व ऋण बाजू ८२४, मेळ नाहीं. वर दिलेल्या भाजकांनीं भागलें तर धन बाजू ४, ५, १०.६ व ०.४ मिळून २०. ऋण बाजू १४, ३ व ३ मिळून २०. ताळा जमला. शिवाय वाहकतेची दहापट ही साधारणपणें एका बाजूच्या बेरजेइतकी येते. म्हणजे या पाण्याची वाहकता २ च्या आसपास असावयास पाहिजे. दोन बाजूंत शेंकडा पांचांपर्यंत फरक चालतो. शेंकडा वीस-पंचवीस फरक असेल तर कोठें तरी चूक झाली आहे किंवा एखादा आयन मोजलाच गेला नाहीं, आणि तसें प्रयोगशाळेस नम्रपणें विचारण्याचा शेतकऱ्यास अधिकार आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. कांहीं ठिकाणीं सोडियम प्रत्यक्ष न मोजतां ऋण बाजूच्या बेरजेंतून कॅल्शियम व मॅग्नेशियम वजा करून बाकी राहील तें सोडियम असें लिहितात. अशा अहवालाचा ताळा नेहमींच बरोबर येणार, कारण तो मुद्दाम जमविलेला असतो. त्यावरून खरेंखोटें कांहींच ठरत नाहीं. म्हणून सोडियम यंत्रावर मोजलें कीं वजाबाकीनें काढलें, हें आधीं विचारून घ्यावें.

खतांस तोच नियम

हा नियम खतांसही लागू आहे. युरिया जमिनींत पडल्यावर त्याचा प्रथम अमोनियम होतो. तो धनभारित असल्यामुळें ऋणभारित माती त्यास धरून ठेवते. हवा खेळती असेल तर जीवाणू त्याचें नायट्रेट करतात. नायट्रेट ऋणभारित, त्यास माती धरीत नाहीं. तें पावसाबरोबर वाहून जातें आणि जातांना एकटें जात नाहीं. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम सोबत नेतें. म्हणजे शेतकऱ्याचें नत्र तर जातेंच, पण जमिनींतील कॅल्शियमचीही उधळपट्टी होते. भातास नत्र एकदम न देतां हप्त्यानें द्यावें, या सल्ल्यामागें हेंही एक कारण आहे.

उरलेल्या जमिनीचें मोल

१९४८ सालीं तत्कालीन मुंबई सरकारनें खारजमिनींविषयीं कायदा केला व १९७९ सालीं त्याची जागा महाराष्ट्राच्या खारजमीन विकास अधिनियमानें घेतली. मधल्या काळांत, १९७० सालीं, सिडकोची स्थापना झाली; ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या मुंबईच्या आराखड्यांत आली आणि खाडीकांठचीं पुष्कळ खाचरें व मिठागरें शहराखालीं गेलीं. या स्थितींत जी खारजमीन अजून नांगराखालीं आहे ती राखण्याचें मोल पूर्वींपेक्षां अधिक आहे. पनवेल येथें कोंकण कृषि विद्यापीठाचें खारजमीन संशोधन केंद्र आहे. काळा रता १-२४ व भुरा रता ४-१० या जुन्या, आणि पनवेल १, पनवेल २ व पनवेल ३ या पुढच्या जाती क्षार सोसणाऱ्या म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु क्षार सोसणारें बी हें जमिनीच्या दुखण्यावर पांघरूण आहे. दुखणें बरें करावयाचें तर जमिनीचा जमाखर्चच पाहिला पाहिजे.

तेव्हां शेतकरी बंधूंनीं येत्या उन्हाळ्यांत तीन गोष्टी कराव्या. फुलोरा दिसतो त्या महिन्यांतच मातीचा नमुना घ्यावा व आयनांचे निरनिराळे आंकडे मागावे. अहवाल आला कीं धन व ऋण बाजूंची बेरीज स्वतः करून पाहावी. आणि जमीन खारवट ठरली तर पैसा बांधावर व उघाडीवर घालावा, चोपण ठरली तरच जिप्समवर, तोही निचऱ्याची वाट मोकळी केल्यावर. निसर्गाच्या वहींत एका पैचीही चूक होत नाहीं. ती वही वाचतां येऊं लागली म्हणजे आपल्या वहींतील पुष्कळ तोटा टळेल.